शिफ्टच्या तक्त्यातली एक ओळ

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही, कारण मी एक जुना मॅक्रो आहे. नाव ऐकून दचकू नका. संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात तेच तेच काम करून माणूस कंटाळतो. मग तो ते काम एकदा मला करून दाखवतो, नाहीतर ओळीओळीने लिहून देतो. त्यानंतर नुसतं बटण दाबायचं, पुढचं सगळं मी करतो. न थकता करतो, न कुरकुरता करतो आणि खरं सांगायचं तर न समजता करतो. सांगकाम्या ओ नाम्या म्हणतात ना, तसा मी.

माझा जन्म चाकणचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या गेटाला लागून टाइम ऑफिस आहे. कोण कामावर आलं, कोण रजेवर गेलं, कोणाची कोणती शिफ्ट, हे सगळं तिथे चालतं. ऑफिसला कामगारांसाठी एक जाळीची खिडकी आहे आणि त्या खिडकीशेजारच्या संगणकात माझं घर आहे. त्यामुळे खिडकीवरचं बोलणं माझ्या कानावर पडायचं. मॅक्रोला कान कुठले, असं विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर एवढं चालवून घ्यावं लागेल.

मला घडवलं योगिनीताईंनी. त्या सांगवीहून यायच्या. शिफ्टचा तक्ता करणं हे त्यांचं काम, आणि तक्ता शनिवारी फळ्यावर लागलाच पाहिजे, नाहीतर सोमवारी लाइनवर गोंधळ. गेल्या आठवड्यात पहिली शिफ्ट केली त्याला आता दुसरी, दुसरीवाल्याला तिसरी. कोणाची बस मोशीची, कोणाची रावेतची. एक नाव हललं की दहा हलायची. डोळे तांबडे होईपर्यंत बाई कॉपी-पेस्ट करत बसायच्या. एकदा वैतागून म्हणाल्या, “या जन्मात मी दुसरं काही करणारच नाही का?” आणि त्या दिवसापासून डबा खाता खाता मोबाईलवर मॅक्रोचे धडे बघू लागल्या.

माझं बालपण सगळं रेकॉर्डिंगमध्ये गेलं. म्हणजे त्या काम करायच्या आणि मी शेजारी बसून टिपून घ्यायचो. मी सगळंच टिपलं. चुकून दाबलेलं बटण, चुकीचं टाइप करून खोडलेलं नाव, उगीच खाली जाऊन परत वर येणं, सगळं. पहिल्यांदा मला चालवलं तेव्हा मी इमानेइतबारे ते नावसुद्धा चुकीचं लिहून खोडून दाखवलं. ताई हसून हसून बेजार! “अरे गाढवा, माझ्या चुका नको ना शिकूस!” मग त्यांनी माझं पोट उघडलं आणि आतला कोड स्वतः लिहायला त्या शिकल्या. नको ते काढलं, हवं ते घातलं. हळूहळू मी शहाणा दिसू लागलो.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले आणि ते चांगले होते. शनिवारी दुपारपर्यंत चालणारं काम मी चहाचा कप संपायच्या आत करायचो. टाइम ऑफिसचे मुख्य अनंत सर माझ्यामागे उभे राहून म्हणायचे, “योगिनी, यानं तर कमालच केली!” शेजारच्या प्लँटमधले लोक मला बघायला आले. माझी नक्कल पेनड्राइव्हवर घालून घेऊन गेले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कौतुक कोणाला नको असतं?

ताईंना माझा आणखी एक उपयोग सापडला, तो मात्र कुठल्या धड्यात नव्हता. तक्ता हाताने व्हायचा तेव्हा खिडकीवर वशिल्याची रांग लागायची. सुपरवायझर यायचे, “ताई, आपल्या माणसाची तेवढी तिसरी टाळा की राव.” नाही म्हटलं तर तोंडं वाकडी, हो म्हटलं तर दुसऱ्यावर अन्याय. मी आल्यावर ताई सरळ सांगू लागल्या, “माझ्या हातात काही नाही हो. कॉम्प्युटर काढतो तक्ता.” लोक गप्प बसायचे. कॉम्प्युटरशी भांडणार कोण? बघता बघता सगळ्या कंपनीत पक्कं होऊन बसलं की तक्ता कॉम्प्युटरचा आहे आणि त्यात माणसाचं काही चालत नाही. फळ्यावरचा कागद म्हणजे जणू देवाचा कौल झाला.

पण ते खरं नव्हतं, मित्रांनो. खरी गरज घेऊन कोणी आलं की ताई माझ्या पोटात एक ओळ घालायच्या. डायलिसिस करून घेणारे एक काका होते, त्यांच्यासाठी ओळ होती. रात्री नीट न दिसणाऱ्या एकासाठी ओळ होती. आणि एक ओळ होती तेजस्विनी आणि ज्ञानेश यांच्यासाठी.

ही दोघं नवरा-बायको परभणीकडची. मोशीत भाड्याच्या खोलीत राहायची, कंपनीत कंत्राटावर होती. ज्ञानेश पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर आणि तेजस्विनी तपासणीच्या टेबलावर. घरात ज्ञानेशची आई, आक्काबाई. त्या म्हातारीचं मन हळूहळू पुसत चाललं होतं. मुलाला ओळखायची, पण गाव कोणतं, दिवस कोणता, काही उमगायचं नाही. दार उघडं दिसलं की शेताला निघाले म्हणून चालू लागायची. एकदा थेट हमरस्त्यावर गेली होती, ट्रकांच्या मधोमध. कोणीतरी हाताला धरून आणून सोडली म्हणून वाचली.

तेजस्विनी खिडकीवर आली तो दिवस मला चांगला आठवतो. जाळीला बोटं धरून उभी होती.

“ताई, आमची दोघांची शिफ्ट एक येऊ देऊ नका. एवढं करा. म्हातारीपाशी कुणीतरी लागतंच बघा.”

“अगं, पण जायच्या-यायच्या मधल्या वेळेचं काय?”

“तेवढं शेजारच्या यशोदाबाई बघतेत. त्या म्हणल्या, तास-दोन तास म्या बसते, पर आख्खी शिफ्ट न्हाई जमायची. त्यांचं डब्याचं काम हाय ना.”

ताईंनी तिच्यासमोरच माझं पोट उघडलं. दोघांचे टोकन नंबर घेतले. कंपनीत माणूस नावाने नाही, टोकनने ओळखला जातो. ज्ञानेश नावाचे चार असतील, टोकन एकाचंच. ताईंनी लिहिलं ते असं : या टोकनची आणि त्या टोकनची शिफ्ट एक आली, तर पहिल्याला पुढच्या शिफ्टमध्ये टाक आणि तिथला प्रेसवरचा एक माणूस इकडे घे. बस. नुसते आकडे. आक्काबाईचं नाव त्यात कुठे नव्हतं, हमरस्ता नव्हता, जाळीला धरलेली बोटं नव्हती. ते सगळं ताईंच्या डोक्यात होतं आणि त्यांना वाटलं, तिथेच ते सुरक्षित आहे.

त्यानंतर किती शनिवार गेले कोण जाणे, त्या दोघांची शिफ्ट मी एकदाही एक येऊ दिली नाही. तेजस्विनी कधी कधी खिडकीवरून जाता जाता म्हणायची, “ताई, तुमच्या कॉम्प्युटरला माझा नमस्कार सांगा.” ताई म्हणायच्या, “सांगते हो.” आणि माझ्या पडद्यावर टिचकी मारायच्या.

मग ताईंना दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं, तेही टाइम ऑफिसातच, कॅन्टीनच्या बायकांनी केलं. नंतर त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. जाण्याआधी माझा ताबा मिहिरला दिला. मिहिर नवा लागलेला मुलगा, स्वभावाने गोड, कामाला चोख. त्याला वाईट म्हणू नका. ताईंनी त्याला बटण दाखवलं. शनिवारी दाबायचं, छापायचं, फळ्यावर लावायचं. त्याने विचारलं, “आत काय काय आहे, मॅडम?” ताईंचे पाय सुजले होते, बाहेर रिक्षा उभी होती. म्हणाल्या, “आत काही बघावंच लागत नाही रे. चालतंय ते चालू दे.” बटण दाखवलं, पोटातलं दाखवायचं राहून गेलं.

मिहिर मला जपून वापरायचा, पण माझ्याशी बोलायचा नाही. मध्ये संगणकात काही बदल झाले आणि मला उघडलं की वर पिवळी पट्टी येऊ लागली : यात मॅक्रो आहे, सावध राहा. इतकी वर्षं इमानाने राबून शेवटी चोरासारखी ओळख! असो. म्हातारपणी असं व्हायचंच.

आणि मग आनंदाची बातमी आली. ज्ञानेश पर्मनंट झाला! मित्रांनो, चाकणमध्ये पर्मनंट होणं म्हणजे काय, ते तुमच्या घरात कोणी कंत्राटावर असेल तरच कळेल. लग्न ठरावं तसा तो दिवस असतो. ज्ञानेश पेढ्याचा पुडा घेऊन खिडकीवर आला. मिहिरला पेढा भरवला, अनंत सरांच्या पाया पडला. “सर, आता आईला बऱ्या डॉक्टरला दाखवतो,” म्हणाला. सगळ्यांना आनंद झाला.

पर्मनंट झालं की कामगाराला नवीन टोकन मिळतं. कंत्राटाची मालिका वेगळी, पर्मनंटची वेगळी. मिहिरने नावांच्या यादीत ज्ञानेशचं जुनं टोकन काढून नवीन घातलं. अगदी बरोबर केलं त्याने. पण माझ्या पोटातली ती ओळ अजून जुन्याच टोकनची वाट बघत होती. ते टोकन आता कोणाचंच नव्हतं. मी यादी चाळली, तो आकडा सापडला नाही, म्हणजे काही करायचं नाही, असं समजून पुढे गेलो. यात अडखळण्यासारखं काही नव्हतं. चूक झाली असती तर मी थांबलो असतो, लाल पाटी दाखवली असती. इथे माझ्या हिशेबाने काही चुकलंच नव्हतं. “तक्ता तयार आहे,” असं मी नेहमीसारखं म्हणालो. पहिल्या आठवड्यात नशिबाने दोघांच्या शिफ्ट वेगळ्या आल्या. पुढच्या तक्त्यात रजेवाल्यांमुळे नावं हलली आणि दोघांची पहिली शिफ्ट आली.

तेजस्विनी खिडकीवर आली. तिचा चेहरा पडला होता.

“दादा, आमची दोघांची पहिलीच लागली. असं कधी झालं नव्हतं.”

मिहिरने पडद्यावर पाहिलं. “हो, लागली आहे खरी. पण ताई, तक्ता कॉम्प्युटर काढतो. मी हाताने एकाला बदललं तर उद्या सगळेच येतील.”

म्हातारीचा विषय तिने काढलाच नाही. का, ते मला नंतर समजलं. तिला वाटलं, हे मुद्दामच झालं आहे. नवरा पर्मनंट झाला, आता कंत्राटी माणसाची सवलत बंद झाली असणार. कंपनी एका हाताने देते, दुसऱ्या हाताने काढून घेते, हे तिला अंगवळणी पडलेलं होतं. वरून ज्ञानेशचं प्रोबेशन चालू. आत्ताच पेढे वाटले आणि लगेच तक्रार कशी करायची? कुणी म्हणेल, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. “बरं,” म्हणाली आणि गेली. मी तिथेच होतो. तिच्यासाठी लिहिलेली ओळ माझ्या पोटात जशीच्या तशी होती आणि मला तिला हाक मारता येत नव्हती.

पुढचं मला त्या वेळी माहीत नव्हतं. फक्त त्यानंतर थोड्याच दिवसांनी मिहिरने यादीत तेजस्विनीच्या नावापुढे “काम सोडलं” असं लिहिलं. शनिवारी बटण दाबलं गेलं. ज्याने काम सोडलं त्याची ओळ काढून टाकायची आणि खालची नावं वर सरकवायची, हेही मलाच शिकवलेलं होतं. मी तिची ओळ काढली. खालची नावं वर सरकली. तक्त्यात कुठे फटसुद्धा राहिली नाही.

ताई रजेवरून परतल्या. बाळाचे फोटो दाखवून झाले, पेढे झाले. मग खुर्चीवर बसून त्यांनी मला उघडलं, पिवळी पट्टी बाजूला सारली आणि यादीवरून नजर फिरवली. नजर एका जागी थांबली.

“मिहिर, तेजस्विनी कुठे गेली?”

“सोडलं त्यांनी काम, मॅडम. घरगुती कारण लिहिलं होतं.”

ताईंनी माझं पोट उघडलं. ती ओळ वाचली. जुनं टोकन पाहिलं, यादीतलं नवीन टोकन पाहिलं. त्यांचा हात तोंडावर गेला.

“ही ओळ मी पाहिली होती,” मिहिर हळूच म्हणाला. “दोन नुसते नंबर होते. जुनं काहीतरी राहून गेलं असेल असं वाटलं. काढायची भीती वाटली, म्हणून ठेवली तशीच. विचारायला हवं होतं.”

“कोणाला विचारणार होतास? मीच म्हणाले, आत बघावं लागत नाही.”

त्यांनी प्रेसवर निरोप पाठवून ज्ञानेशला बोलावलं. तो टोपी काढून खिडकीवर उभा राहिला आणि मग सगळं बाहेर आलं. त्या आठवड्यात सकाळी दोघांनाही अंधारातच निघावं लागे. यशोदाबाईंची त्याच वेळी डब्यांची घाई. पहिले दोन-तीन दिवस त्यांनी कसंबसं ओढलं, मग म्हणाल्या, “व्हय रं ज्ञानेशा, माझी चूल पेटल्याली असती, म्या दोन्हीकडं कशी पुरू?” म्हणून एका सकाळी ज्ञानेश-तेजस्विनीने कामावर निघताना खोलीला बाहेरून कुलूप घातलं. आक्काबाईंना कळेना, दार का उघडत नाही. आधी धक्के मारले, मग मुलाला हाका मारल्या, मग खिडकीच्या काचेतून हात घातला. रक्त बघून गल्लीतल्या पोरांनी आरडाओरडा केला. यशोदाबाईंनी हातातली पोळी तव्यावर टाकून धाव घेतली आणि वरवंट्याने कुलूप फोडलं.

“हात वाचला ताई, टाके पडले,” ज्ञानेश म्हणाला. “पण आई आता दार लावू देत नाही. रात्रीसुद्धा उंबऱ्यावर बसती. त्याच दिवशी तेजूनं राजीनामा दिला. म्हणली, कॉम्प्युटर तर आता दर आठवड्याला असंच लावणार.”

“अरे, मग मला एक फोन करायचास ना! एका मिनिटाचं काम होतं रे ते!”

“ताई, तुम्ही बाळंतीण. बाळंतिणीला असलं काय सांगायचं? आणि आमाला वाटलं, पर्मनंट झाल्यावर सवलत बंदच व्हते.”

ताई रडल्या, मित्रांनो. मिहिरसमोर, ज्ञानेशसमोर, कशाचीही पर्वा न करता रडल्या. “सवलत नव्हती रे ती,” एवढंच म्हणत राहिल्या. “ती काढायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.” आणि हे खरं होतं. एका माणसाचंसुद्धा मन वाईट नव्हतं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं आणि एक म्हातारी कुलपाच्या आत अडकली होती.

ताई अनंत सरांकडे गेल्या. सर भले माणूस, पण म्हणाले, तपासणीच्या टेबलावर दुसरी बाई लागली, तिला आता काढायचं का? ते कोणालाच पटणारं नव्हतं. शेवटी पॅकिंगला जागा निघाली. तेजस्विनी परत आली, पण नव्याने. इतक्या वर्षांची नोकरी पुसली गेली. पर्मनंटच्या रांगेत ती नवऱ्याच्या मागोमागच होती, आता सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली. ते कोणाला भरून देता आलं नाही. यादीत तळाशी तिचं नाव आलं तेव्हा मी ती ओळ तयार केली. नवीन टोकन, नवीन तारीख. मला वेगळं काही करता आलं असतं तर केलं असतं.

त्या दिवशी ताईंनी मिहिरला शेजारी खुर्ची घेऊन बसवलं आणि दोघांनी माझं पोट पहिल्यापासून वाचलं. टोकन बदललं तरी ओळ तुटणार नाही, अशी व्यवस्था आधी केली. मग एका एका ओळीच्या डोक्यावर ताई काहीतरी लिहीत गेल्या. आमच्या कोडच्या त्या चौकटीत देवनागरी उमटत नाही, नुसती प्रश्नचिन्हं येतात. म्हणून त्यांनी मराठीच लिहिलं, पण इंग्रजी अक्षरांत. मिहिर मोठ्याने वाचत होता म्हणून मला ते कळलं : “ज्ञानेशच्या आई आक्काबाई घरी एकट्या राहू शकत नाहीत. या दोघांची शिफ्ट कधीही एक येऊ द्यायची नाही. शंका आली तर योगिनीला फोन करावा, कधीही.” खाली फोन नंबर.

माणसांसाठी लिहिलेल्या अशा टिपेच्या सुरुवातीला एक बारीकशी खूण टांगतात. ती दिसली की ओळ हिरवी होते आणि मी ती न वाचता ओलांडून पुढे जातो. तसा नियमच आहे. म्हणजे माझ्या पोटातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्यासाठी नाहीच.

बाळांनो, उद्या तुम्हीही मॅक्रो लिहाल, मोठमोठे प्रोग्राम लिहाल, माझ्याहून कितीतरी हुशार यंत्रं घडवाल. तुमचं सांगणं आम्ही तंतोतंत ऐकू. पण कोणासाठी आणि का, हे आम्हाला कितीही सांगितलंत तरी कळायचं नाही. ते तुमच्यानंतर त्या खुर्चीवर जो बसेल त्याच्यासाठी लिहून ठेवा, साध्या भाषेत लिहा, आळस करू नका. आणि कोणी जाळीला बोटं धरून उभं राहिलं, तर कॉम्प्युटरने काढलंय, असं म्हणून तोंड फिरवू नका. तिला आधी विचारा, घरी कोण आहे?